शाळेचे कुलूप आणि कुणब्याचे पोर

साथ आली म्हणजे सरकारास दोन कामे करावी लागतात. एक बंद करण्याचे आणि दुसरे उघडण्याचे. पहिले एका रात्रीत होते. दुसऱ्यास किती दिवस लागतात आणि कोणाचे दार सर्वांच्या शेवटी उघडते, ह्यावरून त्या राज्यात कोणाची किंमत किती हे कळून येते. कोरोनाच्या साथीत, २०२० च्या मार्च महिन्याच्या मध्यास, महाराष्ट्रातील शाळांस कुलूप पडले. खेड्यांतील पहिली ते चौथीच्या वर्गांचे कुलूप निघाले ते १ डिसेंबर २०२१ रोजी. वीस महिन्यांच्या वर काळ गेला. इतकी वर्षे लोटल्यावर हे मढे कशास उकरता, असे कोणी विचारील. उत्तर असे की, त्या वीस महिन्यांची वसुली आता सुरू झाली आहे. आणि ती कुलूप लावणाऱ्याकडून नव्हे, तर कुलपाबाहेर उभ्या राहिलेल्या पोराकडून होत आहे.

वसुली कशी ती सांगतो. २०२० च्या जूनमध्ये ज्या पोराचे नाव पहिलीच्या पटावर चढले, ते २०२४-२५ साली पाचवीत बसले. मधल्या काळात, २०२३ साली, राज्य सरकारने नियम बदलून पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा लावली. नापास झाल्यास पुन्हा एकदा परीक्षा, आणि तीतही न उतरल्यास पोर त्याच वर्गात. हा नियम मुळातच वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. वाचता येवो न येवो, मुलास ढकलत ढकलत आठवीपर्यंत नेण्याने शेतकऱ्याच्या पोरांचे काय झाले हे आम्ही फळ्यापुढे उभे राहून रोज पाहिले आहे. परंतु ज्या पोराने पहिलीचे अख्खे वर्ष वर्गाचा उंबरा पाहिला नाही, दुसरीतही पहिले सहा महिने पाहिला नाही, ज्यास पहिल्या दोन वर्षांत मिळून चार-पाच महिने शाळा मिळाली, त्यास 'तू कच्चा' म्हणून मागे बसवणे हा कोठला न्याय? पाटकऱ्याने शेताचे पाणी तोडावे आणि पीक वाळले म्हणून कुळाकडून खंड दुप्पट मागावा, त्यातलीच ही गत झाली.

साथ म्हणजे थोतांड आणि टाळेबंदी म्हणजे कारस्थान, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाही. बहुजन समाजाच्या चळवळीने साथीची किंमत स्वतः मोजली आहे. १८९७ च्या प्लेगात 'दीनबंधु'कार नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी रोजी मुंबईत गेले, आणि सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच प्लेगाने १० मार्च रोजी गेल्या. माणूस वाचवणे हे पहिले कर्तव्य, ह्याविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नाही. २०२१ च्या जून-जुलैत इतर बहुतेक जिल्ह्यांतील लाट ओसरत असता आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात ती रेंगाळली. बावड्याहून कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय पंचावन्न किलोमीटर. पावसाळ्यात मांडुकलीजवळ कुंभीचे पाणी रस्त्यावर आले की तेवढीही वाट बंद. आमच्या घरांत एकाच सोप्यात आजा, बाप आणि नातू निजतात. नातवाने शाळेतून रोग आणला तर तो आजाच्या उशापर्यंत पोहोचतो. सबब त्या महिन्यांत शाळा बंद ठेवल्याबद्दल आमची तक्रार नाही. मार्च २०२० मध्ये रोग नवा होता, कोणासच काही उमगत नव्हते. तेव्हाच्या बंदीबद्दलही नाही.

आमचे भांडण आहे ते दोन लाटांच्या मधल्या काळाशी. २०२० च्या दिवाळीपासून माघापर्यंत रोग उतरणीस लागला होता. ह्या रोगाने म्हाताऱ्यांस धोका सर्वांत अधिक आणि लहान मुलांस सर्वांत कमी, हेही तोवर जगभर कळून चुकले होते. तेव्हा काय काय उघडले त्याचा पाढा एकदा वाचून पाहावा. दारूची दुकाने उघडली ती मे २०२० मध्येच. हॉटेले आणि बार ५ ऑक्टोबर २०२० पासून. देवळे १६ नोव्हेंबर रोजी, दिवाळीच्या पाडव्यास. नववी ते बारावीचे वर्ग त्यानंतर आठवड्याने, २३ नोव्हेंबरला. साखर कारखान्यांची धुराडी तर हंगामाच्या मुहूर्तास पेटलीच. १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यातील चौदा हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि मतदान बहुतेक ठिकाणी झाले ते शाळांच्याच खोल्यांत. ज्या खोलीत अख्खा गाव रांग लावून बोटाला शाई लावून गेला, त्या खोलीत गावातली बारा-पंधरा लहान पोरे बसली तर साथ पसरेल, असे सरकारचे म्हणणे होते. पाचवी ते आठवीस २७ जानेवारीला परवानगी मिळाली. पहिली ते चौथीस त्या सबंध उघडिपीत एक दिवसही मिळाली नाही. पुढे दुसरी लाट आली आणि सगळेच पुन्हा बंद झाले.

हे असे का झाले? आमच्या मते ह्यात कोणाचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. दारूचे दुकान बंद राहिले तर महसूल त्याच महिन्यात बुडतो. कारखाना बंद राहिला तर उभा ऊस डोळ्यांदेखत वाळतो. निवडणूक लांबली तर पुढाऱ्यांचा जीव खालीवर होतो. पहिलीच्या पोरास 'क' काढता आला नाही तर त्या दिवशी कोणाचेच काही बुडत नाही. बुडाल्याचे दिसायला पाच-सहा वर्षे लागतात, आणि तोवर हुकूम काढणारे साहेब बदलून गेलेले असतात. लहान पोरास मत नाही, संघ नाही, मोर्चा नाही. त्याच्या वतीने ओरडायचे ते बापाने. आणि बाप त्या वेळी पोटाच्या पाठीमागे धावत होता. शाळा बंद असता आमच्यासारख्या शिक्षकाचा पगार चालू होता, सुताराचा आणि गवंड्याचा रोज बंद होता. तेव्हा शाळा उघडण्याची निकड ज्यास कळत होती त्यास ती लागत नव्हती, आणि ज्यास लागत होती त्यास बोलायला फुरसत नव्हती.

शाळा बंद असली तरी शिक्षण चालू आहे, अशी तेव्हा राज्यभर दवंडी होती. ते शिक्षण मोबाइलवर चालले होते. आता आमचा तालुका पाहा. लोकसंख्येने जिल्ह्यात सर्वांत लहान. पाऊस वर्षास पाच हजार मिलिमीटरांच्या घरात. करूळ आणि भुईबावडा ह्या दोन घाटांच्या माथ्यावर, डोंगरांच्या कुशीत विखुरलेल्या वाड्या आणि धनगरवाडे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग जमिनीवर उतरतात, वीज जाते ती दोन दोन दिवस येत नाही, आणि रेंज पाहिजे तर पोराने टेकाडावर चढून प्लास्टिकचा कागद डोक्यावर धरून उभे राहायचे. घरात फोन एक. तो बापाच्या खिशात, आणि बाप कामावर. संध्याकाळी फोन घरी येतो तेव्हा बॅटरी संपलेली असते आणि बहीण-भाऊ मिळून तीन पोरे त्या एका काचेभोवती. तीतही थोरल्याचा तास पहिला, कारण त्याची दहावी. धाकटीचा नंबर लागतच नाही. १ जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा 'सेतू अभ्यासक्रम' निघाला, मागचे राहिलेले भरून काढण्यास. नाव उत्तम, परंतु शाळा बंदच, आणि त्याच महिन्यात कोल्हापूर महापुरात. पूल बांधायचा तो नदीच्या दोन्ही काठांस, इतके तरी पाहावयास हवे होते. दूरदर्शनवरचे धडे त्यातल्या त्यात बरे होते, कारण त्यास रेंज लागत नव्हती. वीज मात्र लागत होती.

येथे एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. ज्या घरात चार पिढ्या अक्षर खेळते आहे, तेथील मुलास शाळा बंद झाली तरी आई आहे, आजोबा आहेत, कपाटात पुस्तके आहेत, निजावयास एक आणि अभ्यासास दुसरी खोली आहे. शाळा बंद होणे म्हणजे त्यास एक अडचण झाली. ज्या घरात शाळा हीच अक्षराची एकुलती एक वाट, तेथे शाळा बंद होणे म्हणजे वाटच बुजणे. हुकूम दोघांस एकच, परिणाम जमीन-अस्मानाचा. जोतीरावांनी विद्येच्या अभावापासून कुणब्याच्या कर्जापर्यंतची जी साखळी दाखवली, तिची पहिली कडी अशा रीतीने एका हुकुमासरशी पुन्हा जोडली जाते, आणि हुकूम काढणाराच्या ते ध्यानीही येत नाही.

हुकूम एकच होता, हेच तर खरे दुखणे. मुंबईच्या चाळीतील सत्तर पोरांचा वर्ग आणि आमच्या एखाद्या वाडीवरची नऊ पोरांची शाळा ह्यांस एकाच कागदाने बंद केले. नऊ पोरे! ती शाळेबाहेरही दिवसभर एकत्रच असत. एकाच ओढ्यात खेकडे धरीत, एकाच बांधावर गुरे राखीत. शाळेत मात्र त्यांस एकत्र बसण्याची बंदी. दिवाळीनंतर आमच्याकडे आभाळ स्वच्छ होते ते थेट वळिवापर्यंत. त्या सहा महिन्यांत आंब्याखाली, देवळाच्या ओवरीत, खळ्यावर कोठेही वर्ग भरवता आला असता. आमच्या वाडवडिलांनी प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्या घातल्या, त्या उघड्या हवेचा गुण ओळखूनच ना? सरकारने २०२१ च्या जुलैत कोरोनामुक्त गावांस ग्रामपंचायतीच्या ठरावाने शाळा उघडण्याची मुभा दिली. गावास विचारण्याची ही बुद्धी चांगली होती. परंतु ती सव्वा वर्ष उशिरा सुचली, आणि तीही आठवी ते बारावीपुरती. जुलैत बावड्यात उघड्यावर वर्ग भरवून दाखवावा म्हणजे कळेल. (ह्याच लहान शाळांवर पुढे, पट विसाच्या आत म्हणून, समूह शाळेत मिळवण्याचे संकट आले. साथीत ज्या शाळा सर्वांत सुरक्षित, त्याच सरकारच्या वहीत सर्वांत नकोशा. असो.)

डेन्मार्क देशाने १५ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे आपली टाळेबंदी तीन आठवड्यांची असता, शाळा उघडल्या, आणि त्या धाकट्या मुलांपासून. स्वीडनने तर लहान मुलांच्या शाळा बंदच केल्या नाहीत. ते देश लहान, श्रीमंत आणि मोकळ्या घरांचे. त्यांचा कित्ता जसाच्या तसा गिरवा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु डेन्मार्कच्या त्या क्रमात जो विचार होता तो गरीब देशासही परवडणारा होता. धाकट्यास रोगाचा धोका कमी, आणि धाकट्यास एकट्याने शिकता येत नाही. म्हणून धाकटे पहिले. बारावीचा मुलगा पुस्तक उघडून चार पाने स्वतः वाचील. पहिलीच्या पोराचे बोट कोणीतरी धरावेच लागते. आमच्याकडे क्रम नेमका उलटा लागला, कारण वरच्या वर्गांस बोर्डाची परीक्षा होती. पोर पाहिले नाही, परीक्षा पाहिली.

शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. जो बाप पोरास शाळेत धाडणार नाही त्यास दरमहा एक रुपया दंड. त्या काळचा रुपया! पुढच्याच वर्षी मानमोडीची साथ आली आणि घरेच्या घरे ओस पडली. महाराजांनी त्या निमित्ताने कायदा गुंडाळून ठेवला नाही. आता आमचा सवाल इतकाच की, बापाने पोर शाळेत धाडले नाही तर दंड बापास; सरकारनेच वीस महिने शाळा उघडली नाही तर तो दंड कोणी भरायचा? २००९ च्या कायद्याने शिक्षण हा पोराचा हक्क ठरला आहे. हक्क बुडवणाऱ्याने भरपाई करावी, हे गावचा पंचही सांगेल.

शाळा उघडल्यावर पोरे गोळा करण्यास आम्ही वाड्यांवर हिंडलो. एका बापाने आम्हांस सरळ विचारले, "गुरुजी, दोन वरसं तुमची शाळाच न्हवती. आता म्या पोरगं धाडलं न्हाई तर मलाच इचारता व्हय?" त्याचे पोर म्हशी राखीत होते. दुसऱ्याचे सेंट्रिंगच्या कामावर पाट्या वाहत होते. रोज मिळत होता आणि घरास त्याची सवय लागली होती. आठवी-नववीतल्या मुली भांगलणीस जाऊ लागल्या होत्या, आणि मुलगी रिकामी घरात बसली की पाहुणे येऊ लागतात, हे काय आम्ही सांगावे? शाळेत जाणारी पोर 'शिकते आहे' म्हणून दोन वर्षे थांबते. शाळाच नाही तर थांबायचे कशासाठी? ज्या घरांत पोरीचे हात लवकर पिवळे झाले, त्यांस कायद्याचा धाक घालणे सोपे आहे. ती दोन वर्षे त्या पोरीस कोठे बसवायची, हे मात्र तेव्हा कोणी सांगितले नाही.

थोरल्या मुलांचे दुखणे निराळे. २०२१ साली दहावीची परीक्षाच झाली नाही. निकाल लागला ९९.९५ टक्के. पास झाले म्हणून पेढे वाटले गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून 'कोरोना बॅच' हे नाव कपाळावर चिकटले. पुढे कारखान्यात उमेदवारीस गेला तरी, 'तू परीक्षा न देता पास झालेल्यांतला ना?' हा टोमणा ठरलेला. परीक्षा रद्द केली ती सरकारने. पोराने काही चोरून मिळवले नव्हते.

ह्यात एक ठिकाण असे आहे की जेथे सरकारने भरपाईचे तत्त्व स्वतःच कबूल केले. सैन्यभरतीसाठी पहाटे उठून रस्त्याने धावणारी पोरे आमच्या प्रत्येक गावात आहेत. साथीत दोन वर्षे भरती झाली नाही आणि वय मात्र धावत राहिले. जून २०२२ मध्ये 'अग्निपथ' योजना आली तेव्हा कमाल वय एकवीस ठरले. त्यावर ओरड झाली आणि लगेच, दोन वर्षे भरती झाली नव्हती हे कारण देऊन, त्या एका वर्षापुरते ते तेवीस करण्यात आले. योजना बरी की वाईट हा वाद येथे नको. आमच्या कामाचे इतकेच की, गेलेली दोन वर्षे मोजून परत देता येतात, हे दिल्लीने मान्य केले. एकवीस वर्षांचा जवान रस्त्यावर उतरून ओरडू शकला, म्हणून त्यास दोन वर्षे मिळाली. पाचवीतल्या पोरास ओरडता येत नाही, म्हणून त्यास फेरपरीक्षा.

आता कोणी 'असर' ह्या देशव्यापी ग्रामीण पाहणीचे आकडे पुढे करील. ते आम्हीही पाहिले आहेत. तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीचा धडा वाचणारी मुले २०१८ साली २७.३ होती, २०२२ साली २०.५ वर आली, आणि २०२४ साली पुन्हा २७.१ झाली. म्हणजे घसरण भरून निघाली, आनंद आहे! वाचकहो, येथे नीट लक्ष द्या. भरून निघाली ती तिसरीची इयत्ता. २०२२ साली तिसरीत जी पोरे होती ती २०२४ साली तिसरीत नव्हती. ती पाचवीत गेली होती. त्यांच्या जागी नवी पोरे आली, ज्यांस पहिलीपासून शाळा मिळाली, आणि ती चांगली वाचतात. ओढ्यास पूर ओसरून पाणी पुन्हा निवळ झाले, म्हणजे वाहून गेलेले वासरू परत आले असे होत नाही. 'निपुण' अभियानाचे लक्ष्यही मुख्यतः तिसरीपर्यंतच्या मुलांवर. म्हणजे ज्यांचे बुडाले ती पोरे दरवेळी योजनेच्या एक इयत्ता पुढे, आणि पुस्तकाच्या दोन इयत्ता मागे.

अशा पोरांस घरात 'ढ' म्हणणाऱ्या आईबापांस आमची विनंती आहे की तो शब्द आधी सोडावा. त्या पोराची बुद्धी शाबूत आहे. आम्ही तपासून पाहिले आहे. बाजाराचा हिशेब तोंडी चोख करणारे पोर पाटीवर हातचा घेताना अडते, कारण हातचा शिकवण्याच्या वर्षी त्यास शिकवायला कोणी नव्हते. रोज तासभर समोर बसवून शिकवले तर सहा-आठ महिन्यांत ते वाचू लागते, हा आमचा शाळेतला अनुभव आहे. परंतु तो तास पाचवी-सहावीच्या वेळापत्रकात कोठेच नाही.

तेव्हा येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने पुढील ठराव मांडावा. २०२० व २०२१ च्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलेली गावातील मुले किती आणि त्यांपैकी वाचता न येणारी किती, ह्याचा आकडा शाळेने सभेपुढे ठेवावा. नावे वाचू नयेत. त्या मुलांसाठी दिवाळी ते वळीव रोज एक तास जादा वर्ग भरवावा, आणि गावातीलच एखाद्या शिकलेल्या तरुणास अगर सुनेस त्याबद्दल ग्रामनिधीतून मानधन द्यावे. असा वर्ग मिळाल्याखेरीज त्या मुलांपैकी कोणासही मागे ठेवू नये, असे जिल्हा परिषदेस कळवावे. आणि पुढे साथ आल्यास, शाळा बंद करण्याचा कोणताही हुकूम पंधरा दिवसांच्या मुदतीचा असावा. मुदत वाढवायची झाल्यास सरपंच, शिक्षक आणि आरोग्यसेविका ह्यांनी त्या त्या वाडीची स्थिती पाहून लेखी कारण द्यावे. आणि उघडताना पहिलीचा वर्ग पहिला उघडावा. ठरावाची एक नक्कल गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि एक आमच्याकडे धाडावी. ज्या गावची नक्कल येईल त्या गावचे नाव आम्ही ह्याच जागी छापू.